चाळीस किलोमीटर, कुत्र्यांच्या सोबतीनं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझी ओळख करून देताना सूत्रसंचालिकेनं आधी ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ असं सांगितलं आणि लगेच ‘कुत्र्यांबरोबर चालणे या विषयावर बोलतील’ असं म्हटलं. तेव्हा मागच्या दोन रांगांत जो हशा पिकला तो इथपर्यंत ऐकू आला. साहजिकच आहे. शाळेच्या कुठल्याही क्रीडास्पर्धेच्या यादीत माझं नाव तुम्हाला सापडायचं नाही. पुढं इंजिनिअरिंग झालं, पुण्यात खुर्चीवर बसून वीस वर्षं गेली आणि २०२० साली घरून काम सुरू झालं तेव्हा मी रत्नागिरीला परत आले. तेव्हापासून घरात दोन गावठी कुत्री आहेत. एक मोती आणि दुसरी चिंगी. आजच्या भाषणाचे खरे पाहुणे तेच, पण त्यांना सभागृहात प्रवेश नाही म्हणून मी आले.

विषय थोडक्यात सांगते. येत्या २५ आणि २६ जानेवारीला आम्ही काही जण भाट्याहून निघून आडिवऱ्याला पोहोचणार आहोत. गोळप, पावस, पूर्णगड, मग मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल ओलांडून गावखडी, कशेळी आणि शेवटी आडिवऱ्याची महाकाली. दोन दिवसांत सुमारे चाळीस किलोमीटर. शक्य तिथं डांबरी रस्ता सोडून सड्यावरून आणि पाखाड्यांनी जायचं. बरोबर आमची कुत्री. आणि प्रत्येक किलोमीटरमागं ओळखीच्या माणसांकडून थोडी थोडी देणगी. तिचं काय करायचं ते पुढं सांगते.

देणगीसाठी चालायची ही कल्पना माझी नाही. हाँगकाँगमध्ये १९८१ साली ब्रिटिश फौजेतल्या गुरखा सैनिकांनी सरावासाठी डोंगरातली शंभर किलोमीटरची वाट एका दमात चालायला सुरुवात केली. पुढं १९८६ साली ऑक्सफॅम त्यात आली, सामान्य लोकही चालू लागले आणि त्यातून ‘ट्रेलवॉकर’ नावाची चाल जगभर पसरली. चार जणांचा संघ, शंभर किलोमीटर, अठ्ठेचाळीस तास. आपल्याकडेही मुंबई आणि बंगळुरूजवळ ती काही वर्षं झाली. हे वाचलं तेव्हा मला गंमत वाटली, कारण गुरखा म्हटलं की रत्नागिरीकराला फौज आठवत नाही, हापूसची बाग आठवते. नेपाळहून आलेले राखणदार, बागेतली त्यांची खोपी आणि खोपीपुढं दोन-चार कुत्री. माकडं आली की ती कुत्रीच पहिली धावतात.

आणि तसं बघितलं तर चालण्याचं आपल्याला कुणी शिकवायला नको. वारकरी आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालतो. आपल्या कोकणात तर शिमग्याला ग्रामदेवता पालखीत बसून, पाखाड्या चढून, प्रत्येकाच्या अंगणात येते. आपण मात्र समोरच्या दुकानात जायला स्कूटर काढतो.

आता सरावाबद्दल. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही पाच किलोमीटर चाललो आणि सोमवारी मला जिना उतरता येईना. कामाच्या सवयीप्रमाणं मी एक तक्ता केला. दर आठवड्याला अंतर थोडंसंच वाढवायचं, तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात कमी करायचं. आमच्या धंद्यात एखादी यंत्रणा बाजारात आणायच्या आधी तिच्यावर हळूहळू भार वाढवत नेतात आणि कुठं कुरकुरते ते बघतात. शरीराचंही तेच. गुडघा आधी कुरकुरतो, मग तळवा, आणि फोड नेहमी करंगळीला येतो. आठवड्यात तीन दिवस सकाळी तासभर आणि रविवारी लांबची चाल, असं करत मागच्या रविवारी आम्ही बावीस किलोमीटर चाललो. सोमवारी जिना उतरले.

सुरुवात भाट्याच्या किनाऱ्यावर केली. सुरूच्या बनाच्या कडेनं, पहाटे, ओल्या वाळूवर. ओहोटीची ओली वाळू घट्ट असते, पाय रुतत नाही, आणि कुत्र्यांच्या पंजांनाही ती सुखाची. कोरड्या वाळूत चालणं म्हणजे दुप्पट मेहनत. त्यासाठी भरती-ओहोटी बघूनच निघावं लागतं. इथं मला आपल्या भूगोलाच्या सरांची आठवण आली. त्यांनी कोळ्यांचा हिशेब शिकवला होता: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराचे पाऊण सव्वाअकरा, आणि त्याआधी सहा तास, पहाटे, ओहोटी. मोबाईलवर मिनिटामिनिटाचा तक्ता मिळतो, तरी मी आधी तोंडी हिशेब करते आणि मग पडताळून बघते. सर, अजून तरी फार चुकलेला नाही.

किनाऱ्यानंतर सडा. सडा ही आपल्या जिल्ह्याची खरी ओळख आहे आणि त्याच्याकडं आपण ‘ओसाड’ म्हणून बघतो. जांभ्याचा तो सपाट कातळ पावसाळ्यात हिरवा, नंतर पिवळ्या-जांभळ्या रानफुलांचा आणि दिवाळीनंतर वाळक्या गवताचा. कशेळीच्या सड्यावर तर आपल्या पूर्वजांनी कोरलेला प्रचंड हत्ती आहे, त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी आणि जलचर कोरलेले. कोकणातल्या ज्या कातळशिल्पांची नावं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यांत कशेळी आहे, आपल्या शेजारचं उक्षी आणि जांभरुण आहे. ज्यांनी ती कोरली ती माणसं याच कातळावरून पायी हिंडत होती. चालत गेल्याशिवाय त्यांचा आकार ध्यानात येत नाही. मोती तर त्या हत्तीच्या कडेपाशी बसून राहिला, मी पुढं गेले तरी उठेना.

पण सडा कुत्र्यांसाठी कठीण आहे. माणूस अंगभर घाम गाळतो, कुत्र्याला तशी सोय नाही. त्याचा सगळा कारभार धापा टाकण्यावर. त्याच्या अंगाचं तापमान मुळातच ३८-३९ अंश सेल्सिअस असतं. ते ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. म्हणून आमचा साधा नियम आहे. पंजा उलटा करून हाताची मागची बाजू कातळावर सात सेकंद टेकवायची. आपल्याला चटका बसला तर कुत्र्यालाही बसतो. डिसेंबरातसुद्धा साडेनऊ-दहानंतर सडा तापतो. मग झाडाखाली बसायचं, अर्ध्या तासानं पाणी द्यायचं, थोडं थोडं. पाण्याचं ओझं आपल्या पाठीवर. आम्ही तीन माणसांचं आणि दोन कुत्र्यांचं मिळून आठ लिटर घेतो.

आणखी काही गोष्टी अनुभवानं कळल्या. जांभा खरखरीत असतो, घरात राहणाऱ्या कुत्र्याच्या पंजाची गादी त्याला एकदम सरावत नाही. माणसाच्या पायासारखी तीही आठवड्यागणिक घट्ट होते. पावसाळा संपल्यावर गवतात गोचिडी असतात, त्यामुळं घरी आल्यावर कानाच्या मागं, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली बघायचं. गडग्याच्या दगडांत हात आणि कुत्र्यानं नाक घालायचं नाही, कारण तिथं फुरसं असू शकतं, आणि रत्नागिरीत फुरशाची ओळख करून द्यायला नको. मोहोर आला की बागांत फवारणी सुरू होते, त्या दिवसांत बागेतून वाट काढायची नाही. बागेतलं साचलेलं पाणी कुत्र्याला प्यायला द्यायचं नाही. आणि दिवेलागणीच्या आत घरी. बिबट्याला कुत्रा आवडतो, आणि त्यात गावठी-विलायती असा भेद तो करत नाही.

हे सगळं झालं अंतराचं आणि हवेचं. यापेक्षा अवघड निघाली ती वाडी.

सड्यावरून खाली उतरलं की पाखाडी लागते, पाखाडीच्या तोंडाशी पहिलं घर, आणि पहिल्या घराच्या आधी कुत्री. प्रत्येक वाडीची हद्द सातबाऱ्यावर असते त्याहून पक्की कुत्र्यांच्या डोक्यात असते. एकटा माणूस गेला तर दोनदा भुंकून गप्प बसतात. बरोबर परकी कुत्री असली की सगळी वाडी उठते. पहिल्या दोन-तीन वेळा आम्ही पाखाडी सोडून लांबच्या वाटेनं गेलो. मग लक्षात आलं की चाळीस किलोमीटरच्या वाटेवर किती वाड्या लागतील. प्रत्येक टाळायची म्हटलं तर चाळिसाचे साठ होतील.

म्हणून वाडीतून जाण्याचाच सराव केला. वाडी दिसली की थांबायचं. मोती-चिंगीची दोरी आखूड धरायची. पळायचं नाही, ओरडायचं नाही, दगड उचलायला वाकायचं तर नाहीच. हातातली काठी फक्त जमिनीवर आपटायची. आपण कुत्र्यांच्या मध्ये उभं राहायचं आणि कुणीतरी माणूस बाहेर येईपर्यंत वाट बघायची. माणूस येतोच. मग हाक मारून सांगायचं की आम्ही अमक्या ठिकाणाहून आलो, तमक्या ठिकाणी चाललो, वाडीतून जाऊ का? आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. ‘काय गो बाय, येवडी घामाघूम होऊन कुठं चाललीस?’ असं विचारत गोळपच्या एका आजींनी आम्हाला ओटीवर बसवलं, कोकमाचं सरबत दिलं आणि करवंटीत कुत्र्यांना पाणी दिलं. चालायचं कारण सांगितलं तर म्हणाल्या, ‘पैशे देतात चालायचे? मग माजे लय ऱ्हायलेत!’ डोक्यावर आंब्याची पाटी घेऊन त्या रत्नागिरीच्या बाजारात चालत यायच्या.

या थांबण्यामुळं एक गोष्ट आपोआप झाली. प्रत्येक वाडीत आम्ही कुत्र्यांबद्दल बोलू लागलो. कुणाचं कुठलं, कुणाला किती पिल्लं, कोण पिसाळतं. मी वही ठेवायला लागले. वाडीचं नाव, कुत्री किती, कुणाच्या घरची, वाडीची अशी सामायिक किती. शेवटचा रकाना ‘लस’. पानं उलटली तर त्या रकान्यात बरोबरच्या खुणा फार थोड्या आहेत, फुल्या पुष्कळ. बागेतला एक नेपाळी राखणदार त्याच्या चारही कुत्र्यांना लेकरांसारखं सांभाळतो, स्वतःच्या भातातलं भात घालतो. लशीचं विचारल्यावर तो म्हणाला, ‘साहेब आंब्याला औषध आणतो, कुत्र्याला कुठनं आणणार?’

आता मी का चालते ते सांगते, आणि हे इथंच, तुमच्यापुढंच सांगायचं होतं.

आमच्या तुकडीच्या लोकांना आठवत असेल. आम्ही सातवीत होतो. मे महिन्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाली तेव्हा आपल्या वर्गातला एक मुलगा अगदी ठणठणीत होता. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर बसायचा, गणितात हुशार. सुट्टीत आजोळी त्याला एक पिल्लू चावलं होतं. पिल्लूच ते, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. जखमेवर चुना आणि हळद लावली, कुणाचं तरी झाडपाल्याचं औषध दिलं. श्रावणात तो दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या आणि हजेरी घ्यायला लागल्या. त्याच्या नंबरापाशी थांबल्या आणि मग हजेरी न घेताच त्यांनी पुस्तक मिटलं. त्याचं नाव मी आज घेत नाही. त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ते घेणं बरं दिसणार नाही. पण तुम्हा सगळ्यांच्या मनात ते आत्ता आलं असणार.

त्या वेळी मोठ्या माणसांच्या तोंडी एकच वाक्य होतं: ‘पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात.’ ती भीती खोटी नव्हती. जनावराच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस खरंच पोटात, रोज एक अशी घ्यावी लागायची, आणि तिच्या भीतीनं कितीतरी लोक दवाखान्याची पायरी चढत नसत. आपल्या देशात ती २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात किंवा कातडीत घ्यायची मोजकी इंजेक्शनं आहेत, सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळतात. तरी ‘चौदा इंजेक्शनं’ हे शब्द मला गेल्या महिन्यात एका वाडीत जसेच्या तसे ऐकायला मिळाले. लस बदलून वीस वर्षं झाली, भीती तीच आहे.

म्हणून इथं बसलेल्या प्रत्येकानं एवढं घरी घेऊन जावं. कुत्रा चावला, नुसता ओरखडा उठला, पिल्लू असलं, घरचं असलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. चुना नाही, हळद नाही, मिरची नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. लस ठरलेल्या तारखांना पूर्ण घ्यायची, दोन घेऊन सोडायची नाही. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं सीरमही द्यावं लागतं, ते डॉक्टरांना विचारून घ्यायचं. हा रोग अंगात उतरायला साधारणपणे दोन-तीन महिने लागतात, कधी कमी, कधी जास्त. तेवढी मुदत आपल्याला मिळते. लक्षणं दिसू लागली की मात्र उपाय जवळजवळ उरत नाही. पाश्चरनं पहिल्या मुलाला लस टोचली १८८५ साली. आज जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं रेबीजनं जातात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत पंधरा वर्षांखालची मुलं फार. मुलं कुत्र्याशी खेळतात आणि चावल्याचं घरी सांगत नाहीत.

माणसाला होणारा रेबीज जवळजवळ नेहमी कुत्र्याकडूनच येतो, म्हणून तो तोडायची जागाही कुत्राच. एखाद्या भागातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस दिली की रोगाची साखळी तुटते. शंभरच्या शंभर पकडावी लागत नाहीत, हे मला इंजिनिअर म्हणून फार धीराचं वाटतं. पण दरवर्षी द्यावी लागते, कारण जुनी कुत्री मरतात आणि नवी पिल्लं येतात. हे होतं का? होतं. आपल्या शेजारी गोव्यात गावोगाव फिरून, घरोघर आणि रस्त्यावर कुत्र्यांना लस दिली गेली, आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झाला. तिथली कुत्री, तिथल्या वाड्या, तिथला जांभा आपल्यासारखाच आहे.

चालण्यातून जमणारा सगळा पैसा आमच्या वाटेवरच्या वाड्यांतल्या कुत्र्यांच्या लशीसाठी आहे. पशुवैद्यक डॉक्टरांशी बोलणं झालं आहे, वाडीत जाऊन शिबिरं घ्यायची आहेत, आणि कुठलं कुत्रं कुठल्या अंगणात सापडेल याची वही तयार आहे. नुसत्या लशीची किंमत आज आपण जेवलो त्या एका ताटापेक्षा कमी आहे. खर्च येतो तो माणसं नेण्याचा, लस थंड ठेवण्याचा आणि पुन्हा पुढच्या वर्षी जाण्याचा. जमाखर्चाचा कागद आपल्या ग्रुपवर पै-पैसह टाकला जाईल. गणिताच्या बाईंनी तो तपासावा अशी माझी विनंती आहे.

काही जणांनी मला विचारलं, की सरळ वर्गणी का नाही काढत, चालायचं कशाला? पैसे बसल्या जागी पाठवता येतात, ते खरं. पण गाडीतून गेले असते तर त्या आजी भेटल्या नसत्या, राखणदाराच्या चार कुत्र्यांची नोंद झाली नसती, आणि ‘चौदा इंजेक्शनं’ अजून जिवंत आहेत हे कळलं नसतं. कुत्रा घेऊन पायी आलेल्या बाईशी लोक कुत्र्याबद्दल खरं बोलतात. शिबिराच्या दिवशी स्वतःचं कुत्रं धरून आणायचं काम वाडीतल्या माणसालाच करायचं असतं. अनोळखी गाडी आली तर कुत्रंही पळतं आणि माणूसही दार लावतो.

तर शेवटी मागणं. ज्यांना चालायचं आहे त्यांच्यासाठी अजून पाच रविवार आहेत. पाच किलोमीटरपासून सुरू करा, दोन्ही दिवस जमणार नसतील तर पावसपर्यंत या, तिथून एसटी मिळते. स्वतःचं कुत्रं आणायचं असेल तर त्याची लस झालेली हवी आणि दोरी हवी. ज्यांना चालणं शक्य नाही त्यांनी किलोमीटर वाटून घ्यावेत. मुंबई-पुण्याच्या आणि परदेशातल्या मंडळींनी तेवढं तरी नक्की करावं. आणि आमच्या तुकडीनं एक किलोमीटर त्या तिसऱ्या बाकासाठी घ्यावा, असं मला वाटतं. कशेळीच्या सड्यावरचा, सकाळचा, कातळ तापायच्या आधीचा. तो आपण सगळे मिळून चालू.

पी.टी.चे सर समोर बसले आहेत. सर, २५ तारखेला पहाटे साडेपाच वाजता भाट्याच्या पुलापाशी शिट्टी तुम्हीच वाजवायची आहे.